कोळी, काडेपेटी आणि तीस वर्षांची भीती



या सदरातून आपण नेहमी शाळेचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशनकार्डावरील नावे, वस्तीतील नळ आणि गटारे अशा विषयांवर बोलत असतो. आजचा विषय मात्र एकदम वेगळा आहे. आजचा विषय आहे कोळी. मासे पकडणारा कोळीबांधव नव्हे, तर आपल्या घराच्या कोपऱ्यात जाळे विणून बसणारा आठ पायांचा कोळी. दोघांचेही पोट जाळ्यावर, म्हणून मराठीने दोघांना एकच नाव दिले असावे. काही भागांत त्याला कातीण असेही म्हणतात. कातीण म्हणजे कातणारी. मला हे नाव अधिक योग्य वाटते, कारण मोठे जाळे घालून बसलेली ही बहुतेक वेळा मादीच असते.

तुम्ही म्हणाल, संपादकांनी जागा दिली म्हणून काय वाटेल ते लिहायचे काय? पण त्याला कारण घडले. गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील एका मुलीच्या मानेवर रात्रीतून फोड उठले. तिची आई धावत आली आणि म्हणाली, "भाऊ, पोरीवर कोळी मुतलाय. गेरू लावू का?" ते शब्द ऐकले आणि माझ्या पोटात गोळा आला. याच शब्दांनी माझी तीस वर्षे खाल्ली होती. ती हकीकत आज आपल्यापुढे ठेवतो.

माझे बालपण मुंबईत भांडुपच्या डोंगरावर गेले. वडील सातारा जिल्ह्यातून पोटासाठी आले आणि खालच्या एका कंपनीत लागले. खाली कारखाने, वर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आणि मधल्या चढावर आमची पत्र्याची घरे. दहा बाय बाराची खोली, वर लाकडी माळा आणि त्यात आम्ही सहा माणसे. आई-वडील, आम्ही तीन भावंडे आणि आमची आत्या. आत्या तरुणपणीच विधवा झाली होती. ती एका छोट्या कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जाई. मी शेंडेफळ, म्हणून तिचा लाडका. मी झोपायचो तिच्याच गोधडीत.

विकतची खेळणी आमच्या घरात नव्हती. पण जंगल शेजारी असल्यामुळे पावसाळ्यात किडामुंगीला तोटा नव्हता. इतर मुले चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवीत. मला वेड होते कोळ्याचे. शाळेत जाताना वाटेवरच्या झुडपात मोठे गोल जाळे दिसले की मी दप्तर घेऊन तिथेच उभा राही. त्या जाळ्याच्या मधोमध पिवळ्या पट्ट्यांची एक कोळीण पाय जोडीजोडीने जुळवून बसलेली असे. त्यामुळे तिला चारच पाय आहेत असे वाटे. तिच्या पायांशी जाळ्यावर नागमोडी पांढरी नक्षी, जणू कोणी फुलीच मारली आहे. इंग्रजीत तिला सिग्नेचर स्पायडर, म्हणजे सही करणारी म्हणतात, हे मला फार पुढे कळले. आम्ही मुले तिला 'फुलीवाली' म्हणायचो. एकदा तिच्यापायी प्रार्थनेची वेळ चुकली आणि गुरुजींच्या छड्या खाल्ल्या. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच उभा.

१९८८ सालच्या पावसाळ्यात मी चौथीत होतो. तेव्हा मी एक कोळी पाळला. हा जाळे घालणारा नव्हता. भिंतीवर उड्या मारीत माशा धरणारा, शेंगदाण्याहून लहान, करडा, केसाळ कोळी. तो आपण सर्वांनी पाहिलेला असतो. रिकाम्या काडेपेटीला टाचणीने भोके पाडून मी त्याला आत ठेवले. खालच्या दुकानातील गुळाच्या ढेपेवरून माशी पकडायची, तिला अर्धमेली करून पेटीत सोडायची आणि बघत बसायचे. हा कोळी मांजरासारखा दबा धरून बसे, हळूहळू पुढे सरके आणि टुणकन उडी घाली. उडी मारताना मागे एक बारीक धागा सोडी. उडी चुकली तरी त्या धाग्याला लोंबकळून तो परत वर येई. सगळ्यात नवल म्हणजे तो माझ्याकडे बघायचा. मी बोट डावीकडे नेले की तो डावीकडे वळे, उजवीकडे नेले की उजवीकडे. त्याला आठ डोळे असतात आणि त्यातले समोरचे दोन चांगले मोठे, मोटारीच्या दिव्यांसारखे. आपल्याकडे कोणीतरी इतक्या लक्षपूर्वक बघते आहे, याचे त्या वयात फार अप्रूप वाटे.

काडेपेटी मी भिंतीवरच्या फळीवर, डब्यांच्या मागे लपवून ठेवी. त्या फळीखालीच आमची, म्हणजे आत्याची आणि माझी, झोपायची जागा होती.

एके दिवशी सकाळी उठून बघतो तर काडेपेटी अर्धी उघडी आणि कोळी नाही. मी डबे हलवून बघितले, गोधडी झटकली, पण तो काही सापडला नाही. हळहळलो आणि शाळेत गेलो. चार-पाच दिवसांनी आत्या म्हणू लागली की, डाव्या कुशीत आग होतेय, टोचल्यासारखे होतेय. मग कमरेवर पट्ट्यासारखे लाल चट्टे उठले आणि त्यांवर पाण्याचे फोड आले. शेजारच्या काकूंनी पोलके वर करून बघितले आणि म्हणाल्या, "अगं बाई, हा तर कोळी मुतलाय!"

माझ्या हातातला चहात बुडवलेला पाव हातातच राहिला.

मग जे होते ते सगळे झाले. आमच्या घरी अंगारे-धुपारे नव्हते. वडील त्या बाबतीत कडक होते. पण दुखणे सहनशक्तीच्या पलीकडे गेले की माणूस कोणाचेही ऐकतो. वरच्या गल्लीतील एक म्हातारे फोडांवर गेरूने रेघा ओढून जात. कोणी म्हणे कोळी, कोणी म्हणे नागीण. एक बाई सांगून गेली की, या पट्ट्याची दोन्ही टोके कमरेभोवती एकमेकांना भेटली की माणूस राहात नाही. झाले! नऊ वर्षांच्या पोराला एवढे पुरे होते. आई आत्याच्या कमरेला लेप लावायला बसली की मी दारात उभा राहून दुरूनच बघायचो, टोकांमध्ये किती अंतर राहिले ते. बघितले की बाहेर पळायचो. कोळी माझा, पेटी माझी, म्हणजे आत्या मेली तर मारणारा मीच. हे कोणाला सांगायचे? त्या दिवसापासून मी तिच्याजवळ झोपणे बंद केले आणि माळ्यावर जाऊन झोपू लागलो.

आत्या मेली नाही. फोड सुकले, खपल्या पडल्या, पण आतली कळ पुढे कित्येक महिने राहिली. दीड महिन्याचे खाडे झाले, तेव्हा तिला कामावरून कमी केले. पुढे ती दोन घरची भांडी घासू लागली. ते बघताना दर वेळी मला ती काडेपेटी आठवे. मी मात्र तोंड उघडले नाही.

ज्याचा लळा होता त्याचीच भीती माझ्या मनात बसली. ती किती, तर कोळी दिसला की तळहाताला घाम, छातीत धडधड, पाय जागच्या जागी. आमच्या वस्तीच्या सार्वजनिक संडासात कोपऱ्यात कोळी असायचेच. म्हणून मी पोट धरून बसायचो, पण आत जायचो नाही. बी.कॉम. झालो आणि एका कचेरीत लिपिक म्हणून लागलो. तिथली रेकॉर्ड रूम म्हणजे लाल फडक्यात बांधलेली जुनी दप्तरे आणि छतापासून लोंबणारी जळमटे. जुनी फाइल काढायची वेळ आली की मी धुळीच्या ॲलर्जीची सबब सांगून शिपाईमामांना पाठवी. मामा निवृत्तीला आलेले, त्यांना दम्याचा त्रास. ते खोकत खोकत फाइल आणून देत आणि मी ती मुकाट्याने घेई. सभेत उभा राहून निर्भय व्हा म्हणून सांगणारा हा कार्यकर्ता! आज लिहितानाही लाज वाटते.

पुढे २०१२ साली शेजारचे एक वयस्कर गृहस्थ आजारी पडले. कपाळावर आणि एका डोळ्याभोवती फोड आले होते. घरच्यांनी आठ दिवस गेरू लावला होता. मी त्यांना पालिकेच्या रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टर बाईंनी बघताच विचारले, "इतके दिवस काय करत होता?" मी म्हणालो, "कोळी मुतला असे समजून…" त्या वैतागल्या. म्हणाल्या, "कोळ्याचा काय संबंध? ही नागीण आहे. आणि नागीण म्हणजे सापही नव्हे."

त्यांनी समजावून सांगितले ते असे. लहानपणी आपल्याला कांजिण्या येतात. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो. वय झाले किंवा काही कारणाने शरीराची प्रतिकारशक्ती घटली की तो जागा होतो आणि त्या मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर येतो. म्हणून फोड शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे येतात. फोड येण्याआधीच तिथे आग होते, टोचते. यावर विषाणूविरोधी गोळ्या आहेत. पण त्या पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू केल्या तर गुण चांगला येतो. डोळ्याजवळ फोड असतील तर एक दिवसही दवडू नये. आमच्या त्या शेजाऱ्यांचा जीव वाचला, फोड गेले. परंतु त्या डोळ्याने त्यांना पुढे अंधूकच दिसू लागले. आठ दिवसांच्या गेरूची ती किंमत.

मी रुग्णालयाच्या बाकावर बसलो. चोवीस वर्षांनी मला कळत होते की, माझ्या कोळ्याने काही केले नव्हते. तो बिचारा काडेपेटीतून निसटून आपल्या वाटेने गेला होता. कोळ्याची विष्ठा पांढरट, खडूच्या ठिपक्यासारखी असते आणि तिने माणसाच्या कातडीवर फोड येत नाहीत. आत्याच्या अंगातला विषाणू तिच्या लहानपणापासून तिच्या अंगातच होता.

आता तरी भीती जायला हवी होती. पण वाचकहो, डोक्याला कळले, अंगाला कळले नाही. घरी आलो आणि मोरीत कोळी दिसताच पुन्हा तोच घाम.

ही भीती माझ्यापुरती राहिली असती तर एक वेळ चालले असते. पण २०१७ साली आमची थोरली लेक सात वर्षांची होती. एका संध्याकाळी मोरीत बादलीमागून एक मोठा, चपटा, तपकिरी कोळी निघाला. मी ओरडून स्टुलावर चढलो. लेक दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. त्या क्षणापर्यंत तिला कोळ्याचे काहीच नव्हते. दुसऱ्या दिवसापासून ती मोरीत एकटी जाईना. आपल्यासारखे लोक मुलांना शेतीवाडी देऊ शकत नाहीत, बंगला देऊ शकत नाहीत. मी माझ्या मुलीला वारसा म्हणून भीती देऊन बसलो! त्या रात्री मी ठरवले की हे आता इथेच थांबवायचे.

भीती कशी घालवायची, याची मानसोपचारात एक रूढ रीत आहे. जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाने ती १९५८ साली पुस्तकातून मांडली. अंग सैल सोडायचे आणि ज्याची भीती वाटते त्याच्याकडे एकेक पायरीने जायचे. एकदम उडी घ्यायची नाही आणि पळायचेही नाही. आम्ही बापलेकींनी दोन नियम केले. पहिला, कोळी मारायचा नाही. दुसरा, दोघांपैकी कोणीही 'पुरे' म्हटले की त्या दिवशी तिथेच थांबायचे.

पहिला आठवडा नुसती चित्रे. मी चित्रावर बोट ठेवायलाही कचरलो, तेव्हा लेक हसली. दुसऱ्या आठवड्यात मी रेकॉर्ड रूमच्या दारातून एक मेलेला कोळी कागदात घालून आणला. त्याचे आठही पाय पोटाशी मुडपलेले होते. लेकीने विचारले, "मेल्यावर हा पाय असे का घेतो?" उत्तर शोधावे लागले. कोळ्याच्या पायाच्या काही सांध्यांत पाय आत ओढणारे स्नायू असतात, पण बाहेर पसरणारे नसतात. तो अंगातील द्रवाच्या दाबाने पाय लांब करतो, पाण्याचा दाब आला की नळी ताठ होते तसा. मेला की दाब जातो आणि पाय आत वळतात. हे वाचले आणि प्रथमच माझ्या मनात भीतीच्या जागी लहानपणचे ते जुने नवल जागे झाले.

तिसऱ्या आठवड्यापासून खरा कोळी. आमच्या खोलीच्या कोपऱ्यात लांब काड्यांसारख्या पायांचा, धुरकट अंगाचा एक कोळी होता. आम्ही अकरा लाद्या दूर बसलो. रोज एक लादी पुढे सरकायचे आणि पाच-दहा मिनिटे बसायचे. एक गोष्ट लक्षात आली. भीती पहिली दोन-तीन मिनिटे चढते, पण आपण उठून पळालो नाही तर ती आपोआप उतरू लागते. आजवर मी चढत्या भीतीतच पळालो होतो, म्हणून तिला उतरताना कधी पाहिलेच नव्हते. चौथ्या लादीवर तीन दिवस अडलो. पुढे सरकेना. मग लेक पुढे सरकली आणि तिच्यामागे बाप.

शेवटची पायरी म्हणजे कोळ्याला बाहेर सोडणे. त्याला हात लावायचा नाही. वर काचेचा ग्लास ठेवायचा, ग्लासाखालून एखादी लग्नपत्रिका सरकवायची आणि अलगद उचलून झाडापाशी नेऊन सोडायचा. हे करायला मला पाच महिने लागले. सांगायला हरकत नाही, त्या दिवशी माझा हात थरथरत होता आणि पत्रिका लेकीने धरली होती.

या काळात लेकीने एका वहीत नोंदी केल्या. कोपऱ्यातला काडीपाय्या कोळी जाळ्याला बोट लावले की अंग जोरजोरात हलवतो, इतके की तो दिसेनासा होतो. तो डास धरतो आणि दुसरे कोळीही खातो. त्याची मादी अंड्यांचा पुंजका तोंडात धरून बसते. मोरीतला तो मोठा चपटा कोळी जाळे घालतच नाही. रात्री फिरून तो झुरळे मारतो. त्याची मादी पोटाखाली पांढरी चकती घेऊन फिरते, जुन्या पंचवीस पैशाच्या नाण्याएवढी. ती तिच्या पिलांची पिशवी. आपण चप्पल उगारतो ती अशा लेकुरवाळीवर. गोल जाळ्याच्या मधून निघणारे उभे-आडवे धागे चिकट नसतात. चिकट असतो तो गोल गोल फिरवलेला धागा. म्हणून कोळी स्वतः सहज चालतो आणि माशी अडकते. यातले बरेच कोळी जुने जाळे खाऊन टाकतात आणि त्याच मालातून नवे विणतात. त्यांच्याकडे काही वाया जात नाही.

सप्टेंबर २०१८ मध्ये आम्ही सहकुटुंब कान्हेरी लेण्यांना गेलो. शंभरावर लेण्यांचा आपला तो वारसा आपण सर्वजण बघतोच. पण पावसाळ्याच्या अखेरीस तिथल्या झाडांमध्येही नजर टाका. दोन झाडांच्या मध्ये माणसाच्या उंचीएवढे जाळे होते. त्यावर काळी-पिवळी रानकोळीण, पाय पसरले तर तळहात भरेल एवढी. उन्हाची तिरीप आली आणि जाळ्याचे धागे सोन्यासारखे चमकले. तिच्याजवळच तांदळाच्या दाण्याएवढा तिचा नर होता. मी दीड हातावर जाऊन उभा राहिलो. घाम आला नाही असे नाही, पण मी पळालो नाही. याच जातकुळीच्या मादागास्करमधील कोळिणींच्या धाग्यापासून विणलेला सोनेरी झगा २०१२ साली लंडनच्या एका मोठ्या संग्रहालयात मांडला होता. त्यासाठी बारा लाख कोळिणींचा धागा लागला. रेशमाच्या किड्यासारखे त्यांना दाटीवाटीने पाळता येत नाही, कारण त्या एकमेकींनाच खातात.

त्याच रविवारी मी भांडुपला भावाकडे गेलो. आत्या सत्तरीला पोचली होती. दारात बसून लसूण सोलत होती. मी शेजारी बसलो आणि काडेपेटीपासून सगळे सांगितले. डॉक्टर बाईंनी सांगितलेले कांजिण्यांचेही सांगितले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आरं मग तवाच सांगायचं हुतंस की. मारलं आसतं का मी तुला?"

मी गप्प. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "तू दारातनं बघायचास आन् पळून जायचास. माझ्याजवळ झोपायचा बी बंद झालास. मला वाटलं, पोराला माझ्या फोडांची किळस आली."

वाचकहो, तीस वर्षे मी समजत होतो की मी आत्यापासून एक अपराध लपवला आहे. आणि ती बाई तीस वर्षे समजत होती की तिच्या लाडक्या पोराला तिची किळस आली. किळस करून दूर सारण्याचे दुःख काय असते हे आपल्या लोकांना सांगायला नको. ते दुःख मी माझ्याच घरात, माझ्याच आत्याला दिले होते. एका खोट्या समजुतीपायी! त्या रात्री मी तिथेच राहिलो आणि लहानपणासारखा तिच्या शेजारी झोपलो. २०२१ साली आत्या गेली. वेळेत सांगितले, एवढेच समाधान.

धम्मपदात तण्हावग्गात कोळ्याची उपमा आली आहे. पालीत कोळ्याला मक्कटक म्हणतात. तृष्णेत रमलेला माणूस आपणच केलेल्या जाळ्यात कसा सापडतो, हे तिथे सांगितले आहे. माझ्या अनुभवावरून मी एवढेच म्हणेन की, भीतीचेही तसेच आहे. ते जाळे कोळ्याने विणलेले नसते, आपण विणलेले असते.

आता सुरुवातीच्या त्या मुलीविषयी. तिला आम्ही त्याच सकाळी दवाखान्यात नेले. तिची ना नागीण निघाली, ना कोळी. पावसाळ्यात दिव्याभोवती मुंगीसारखा लांबट, नारंगी-काळा एक किडा येतो. तो चावत नाही. पण अंगावर चिरडला तर त्याच्या अंगातील द्रवाने कातडी भाजल्यासारखी होते आणि एक-दोन दिवसांत रेघेसारखे फोड उठतात. असा किडा अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा आणि ती जागा साबणाने धुवा. मलम मिळाले आणि मुलगी काही दिवसांत बरी झाली. म्हणून माता-भगिनींना हात जोडून विनंती की, फोड आले तर गेरू नको, आधी दवाखाना. विशेषतः एका बाजूला पट्टा उठला किंवा डोळ्याजवळ फोड आले तर त्याच दिवशी जा.

कोळी निरुपद्रवी म्हणून मुलांनी त्याला हातात घ्यावे असे मी म्हणत नाही. बहुतेक सर्वच कोळ्यांना विष असते. ते किड्यांसाठी असते, तरी काही जातींचा दंश माणसाला त्रासदायक होतो. जंगलात आणि बिळापाशी बोट घालू नये. बघावे, पण लांबून. आणि मारू नये. २०२२ साली जगात नोंद झालेल्या कोळ्यांच्या जाती पन्नास हजारांवर गेल्या. त्यातली एक आपल्या ठाणे-कल्याण परिसरात सापडली. २००८ सालच्या मुंबईवरील हल्ल्यात गोळ्या झेलूनही दहशतवाद्याला घट्ट धरून ठेवणारे शहीद तुकाराम ओंबळे यांचे नाव तिला २०२१ साली देण्यात आले, 'आयसियस तुकारामी'. हा उड्या मारणारा कोळी आहे, माझ्या काडेपेटीतल्या कोळ्याच्या कुळातला. ज्याला मी तीस वर्षे घाबरलो, त्याच्या कुळात एका निर्भय माणसाचे नाव आहे.

आपल्या घरात एखादे मूल अचानक गप्प झाले असेल, जवळ येईनासे झाले असेल, तर रागावू नका. त्याच्याही मनात एखादी काडेपेटी लपवलेली असेल. जवळ घ्या आणि विचारा.

आमच्या रेकॉर्ड रूममध्ये आता मी स्वतः जातो. शिपाईमामा कधीच निवृत्त झाले. त्यांच्या घरी जाऊन धुळीच्या ॲलर्जीचे खरे कारणही सांगून आलो आहे. ते खूप हसले.

जयभीम.